लस मावशींनाही द्या

प्रति,
संपादक,

महोदय,

डॉक्टरवर हात उचलला गेला की बातमी होते, आणि ती व्हायलाच हवी. त्यासाठी राज्यात २०१० पासून कायदाही आहे. पण रुग्णालयात काम करणाऱ्यांना रोजच्या कामातच जो धोका असतो, त्याचा कुठे गवगवा होत नाही. वापरलेली सुई बोटात घुसते, रक्ताचा थेंब येतो, त्यावर स्पिरिटचा बोळा दाबला जातो आणि काम पुढे चालू राहतं.

मी कोल्हापुरात परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. सुई टोचल्याचे प्रसंग डॉक्टरांवर आले, आम्हा सिस्टरांवरही आले. पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती सफाईच्या मावशींची. आम्हाला टोचली तर ती कोणत्या पेशंटची सुई, हे निदान ठाऊक असतं. त्याचं रक्त तपासता येतं. रात्रपाळीच्या धावपळीत कुणीतरी वापरलेली सुई ती कापून टाकणाऱ्या कटरपर्यंत नेत नाही, कापसात गुंडाळून ट्रेमध्ये ठेवतं. तो ट्रे पिशवीत रिकामा होतो. पहाटे मावशी ती पिशवी हातानं दाबते, गाठ मारायला जाते आणि तळहातात कळ येते. सुई कुणाची, हे आता कोण सांगणार? आणि सांगायचं तरी कुणाला? बोलले तर उद्यापासून येऊ नको म्हणतील, या भीतीनं अनेकजणी गप्प बसतात.

एचआयव्हीचं नाव ऐकून सगळे हादरतात. पण बाधित रुग्णाची सुई टोचल्यावर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात साधारण तीन असते. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, होण्याची शक्यता मात्र शेकडा तीसपर्यंत जाऊ शकते. आणि नेमकी याच आजारावर चांगली लस आहे! सहा महिन्यांत तीन डोस, मग महिना-दोन महिन्यांनी रक्तात प्रतिकारशक्ती आली का याची तपासणी. हिपॅटायटिस सी वर लस नाही, तिथे जपणं, वेळेत तपासणी आणि बाधा झालीच तर औषधोपचार एवढंच हाती आहे.

ही लस देणं म्हणजे रुग्णालयानं उपकार करणं नव्हे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं, वर्षातून एकदा आरोग्य तपासणी करणं ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. अडतं ते ठेकेदारीत. रुग्णालय म्हणतं, माणसं ठेकेदाराची. ठेकेदार म्हणतो, काम रुग्णालयाचं. दुसरा डोस होतो न होतो तोच ठेका बदलतो आणि तिसरा राहून जातो. राधानगरी, पन्हाळ्याकडून पहाटेच्या एसटीनं येणाऱ्या बाईनं तो स्वतःच्या पैशानं घ्यायचा का?

टीबीच्या बाबतीतही तेच. थुंकीची भांडी उचलणाऱ्या मावशींच्या तोंडाला कापडी रुमाल आणि राउंडवर येणाऱ्यांना एन-९५, हा भेद मला कधीच पटला नाही.

शहरातल्या खासगी रुग्णालयांच्या नोंदणीचं नूतनीकरण महापालिका करते. त्या वेळी ठेक्यावरच्या माणसांसकट सर्वांच्या लसीकरणाची यादी मागावी, अपुरी असेल तर नूतनीकरण थांबवावं. सरकारी रुग्णालयांनी ठेक्याच्या करारातच ही अट घालावी. लसीचं कार्ड कामगाराच्या हातात द्यावं, म्हणजे ठेकेदार बदलला तरी राहिलेला डोस कुठूनही पुरा होईल.

आणखी एक. सुई टोचल्यावर जखम पिळू नये, स्पिरिट लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवावी आणि लगेच कळवावं. एचआयव्ही टाळण्याची औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. ही औषधं रात्री दोन वाजता कुठं मिळतील आणि फोन कुणाला करायचा, हे प्रत्येक वॉर्डात, सफाईचं सामान ठेवतात त्या खोलीच्या दारावर, मोठ्या मराठी अक्षरांत लावावं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
राजारामपुरी, कोल्हापूर