बाळ्यास, बोलोन्याहून

बोलोन्या
मंगळवार, रात्री साडेअकरा

प्रिय बाळ्या,

चार महिन्यांत एक ओळ नाही म्हणून शिव्या घालत असशील. घाल. निघायच्या दिवशी फोन करणार होतो, बॅगा भरण्यात राहिला. माझी साखर आटोक्यात, हिचा गुडघा तसाच. तब्येतीचं संपलं.

कागदावर लिहितोय, कारण घर दोन खोल्यांचं आणि ही कायम हाताच्या अंतरावर. फोनवर कुजबुजावं तर कान आणखी टवकारते. उद्या याचा फोटो काढून पाठवीन. वाचून झालं की पुसून टाक, तुझा फोन निम्मा वेळ वहिनींकडे असतो.

माझी माळ गेली, बाळ्या. म्हणजे गळ्यात आहे, पण गेली.

झालं असं की माझ्या साठीचं म्हणून सूनबाईने, मृणालने एका फेरफटक्याचं तिकीट काढलं. साडेतीन तास जुन्या गावातून चालायचं, दुकानादुकानात शिरून चाखायचं, बरोबर एक गाईड बाई. मांस, मासे, अंडं काही नको, हे तिने आधीच लिहून कळवलं होतं. गुडघ्यामुळे ही आली नाही. ते बरं झालं की वाईट, तेच तर तुला विचारायचंय.

गाव मात्र तुला आवडेल. सगळीकडे ओसऱ्या. घराखालची ओसरी शेजारच्या घराच्या ओसरीला जोडलेली, अशा मिळून 62 किलोमीटर. विद्यापीठामुळे गावात पोरं वाढली, जागा पुरेना, म्हणून लोकांनी वरचे मजले रस्त्यावर काढले आणि खाली खांब दिले. आपल्याकडे नगरपालिकेची नोटीस आली असती. इथे 2021 साली युनेस्कोच्या यादीत गेलं. मोठ्या चौकातलं सान पेत्रोनिओचं देऊळ 1390 साली बांधायला घेतलेलं. दर्शनी भिंत खाली संगमरवरी आणि वर नुसत्या विटा, अजून तशीच. मला तुझ्या घराची मागची भिंत आठवली. वहिनींना सांग, प्लास्टरला अजून सहाशे वर्षं हाताशी आहेत.

चौकाला लागूनच बोळांची पेठ आहे. एका काचेमागे बायका हातभराहून लांब लाटण्याने पोळी लाटत होत्या, आपल्या पोळपाटावर तिचा कोपरासुद्धा मावणार नाही. पण त्यात शंभर ग्रॅम पिठाला एक अंडं, म्हणून मी बाहेरूनच बघितलं. त्या पोळीच्या पट्ट्या कापतात. शिजल्यावर पट्टी 8 मिलिमीटर रुंद हवी. 1972 पासून तिचा सोन्याचा नमुना इथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये ठेवलाय, आणि ही रुंदी म्हणजे गावातल्या उंच मनोऱ्याच्या उंचीचा 12,270 वा भाग! घरी येऊन भागाकार केला. मनोरा 97 मीटर, हिशेब जुळतो. हसू नकोस, बँकेतली सवय आहे.

बँकेवरून आठवलं, पुढचं तर तुला पटणारच नाही. पुढचं दुकान चीजचं. पार्मिजानो. जात्याच्या पाळीसारखा गोल, वजन 40 किलो, एका गोलाला साधारण 550 लिटर दूध. बारा महिने मुरल्याशिवाय पार्मिजानो म्हणून विकता येत नाही, चांगला हवा तर चोवीस, छत्तीस. वर्षभराने एक माणूस येऊन प्रत्येक गोलावर हातोडी मारून आवाज ऐकतो. पोकळ वाजला की शिक्का नाही. आपला सोनार कसोटीवर घासतो तसंच. आणि इथली एक बँक, क्रेडिटो एमिलियानो, हे गोल तारण ठेवून कर्ज देते! बँकेची स्वतःची गोदामं, गोल तिथेच मुरतात, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत तारणाचा भाव वाढतच जातो. तीस वर्षं मी सोनेतारण बघितलं, खोट्या बांगड्या पकडल्या, पण असलं तारण स्वप्नातही आलं नव्हतं. तिथेच उभा राहून मी बाईला व्याजदर, विमा, मार्जिन असं विचारत सुटलो. बाकीचे सातजण घड्याळ बघत होते.

त्या बोलण्याच्या भरात तुकडा हातात आला आणि तोंडात गेला. चव? जुनं कणीदार तूप, भाजलेले शेंगदाणे आणि दातांखाली कचकचणारे खडे. मला वाटलं मीठ, पण ते मुरताना धरलेले कण म्हणे. आमच्यातल्या एका अमेरिकन पोरीने तेवढ्यात विचारलं, हे दूध कशाने गोठवतात? बाई सहज म्हणाली, दूधपित्या वासराच्या पोटातल्या चौथ्या कप्प्यातून काढतात त्याने. नियमच आहे, दुसरं चालत नाही.

वासराच्या, बाळ्या.

तुकडा अर्धा तोंडात. थुंकता आला असता, बाजूला टोपली होती. गिळला. हे एक वेळ सोड. पण दोन मिनिटांनी तिने दुसरा तुकडा दिला, वर बाल्सामिकचा थेंब. द्राक्षाचा रस आटवून लाकडी पिंपांत बारा बारा वर्षं ठेवतात, चव काकवीत चिंचेचा कोळ घातल्यासारखी. तो मी घेतला. कळून घेतला. का, ते विचारू नकोस. आवडला होता म्हणून, दुसरं काय.

त्यानंतरचं धड आठवत नाही. 1465 पासूनची एक खानावळ, तिथे फक्त दारू मिळते, खायचं आपण बांधून न्यायचं. सगळे प्याले घेऊन बसले, मी पाण्याची बाटली आणि चौथा कप्पा.

रात्री संकेतला गॅलरीत गाठलं. तो फ्रीजमधलं पाकीट घेऊन आला. त्यावर तीनच शब्द: दूध, मीठ आणि तिसरा ‘काल्यो’. म्हणजे तेच. पोराला तीन वर्षांपासून माहीत आहे! म्हणतो, “आईला इतकं आवडलं, मग सांगवलं नाही.” खरंच आवडलंय. तीन आठवडे रोज. “ते खारं पीठ घाल गं,” म्हणते. परवा थालिपिठावर किसून घेतलं. बिनअंड्याची शेवई शोधायला मृणाल तीन दुकानं हिंडते, आणि वर हे. भारतात पाकिटावर हिरवा ठिपका बघायची सवय, इथे ठिपका नाही म्हणून कुणी विचारलंच नाही.

आणि पुढच्या आठवड्यात वसुबारस. त्या दिवशी ही दूधसुद्धा घेत नाही, वासराचं म्हणून.

आता सांग, तो केक आठवतो ना? 1983, होस्टेल, अव्याचा वाढदिवस. त्यात अंडं होतं हे तू मला चार दिवसांनी सांगितलंस. गॅदरिंगपर्यंत मी तुझ्याशी बोललो नव्हतो. तू म्हणालास, सांगितलं नसतं तर झोप लागली नसती. मी म्हणालो, तुझ्या झोपेसाठी माझी घालवलीस. पंढरपूरला जाऊन गुपचूप दुसरी माळ घालून घेतली, अण्णांना शेवटपर्यंत कळलं नाही. तुला एकट्याला माहीत आहे. खाऊ घातलंस याचा राग नव्हता रे मला, सांगितलंस याचा होता. चाळीस वर्षं तेच धरून बसलो, आणि आता तुझ्या जागेवर मीच. हिला सांगितलं तर ती सुनेकडे कशी बघेल? रडणार नाही ती, गप्प बसेल. तुला तिचं गप्प बसणं माहीत आहे. आणि नाही सांगितलं, तर वसुबारसेला ती गाय-वासराचं चित्र पुजणार, मी शेजारी तबक धरून उभा.

माझ्या माळेचं मी बघीन. एकदा बदलली आहे, पुन्हा बदलीन. तिच्या माळेचं मी कोण ठरवणार? की तुकोबांच्या दारात असलं चालतं? तू काय म्हणशील ठाऊक आहे, “लेका, गाईचं दूध पिताना वासराला कुणी विचारलं होतं?” ते ऐकून घ्यायचीही तयारी आहे आता. त्या वेळी नव्हती.

द्राक्षांची छाटणी झाली का? यंदा पाऊस लांबला म्हणे, डावणी रोगाने किती नेलं? सोनूचं ठरलं तर तारीख आधी कळव, आमचं विमान अठ्ठावीसचं. बापूंच्या डोळ्याचं काय झालं?

उत्तर अठ्ठावीसच्या आत दे. कारण काल हिने भजनी मंडळासाठी दोन किलो चीज आणवलंय. आज बसून पाव पाव किलोच्या पुड्या केल्या, प्रत्येकीवर नाव. सगळ्यात वरची वहिनींची आहे.

तुझा,
वश्या