वेतनमर्यादेबद्दल, तुझ्या पत्राच्या उत्तरादाखल

पिट्सबर्ग,
दि. 30 नोव्हेंबर 2025

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून तीन आठवडे झाले. आयपीएलमध्ये प्रत्येक संघाला खेळाडूंवरील खर्चाची पर्स ठरवून देता येते (2025 च्या हंगामासाठी ती 120 कोटींची होती) आणि तरीही ऋषभ पंतला 27 कोटी मिळतात, मग अमेरिकेतल्या बेसबॉललाच वेतनमर्यादेचे, म्हणजे संघाने खेळाडूंवर करायच्या खर्चावरच्या कमाल मर्यादेचे, एवढे वावडे का, असे तू विचारले आहेस. लॉस एंजेलिस डॉजर्सनी सलग दुसऱ्या वर्षी विजेतेपद मिळवल्यापासून या गावात दुसरा विषय नाही. आमच्या गावच्या पायरेट्स संघाने 2015 नंतर बाद फेरी पाहिलेली नाही, त्यामुळे इथला जवळजवळ प्रत्येक प्रेक्षक मर्यादेच्या बाजूने बोलतो. इथे आल्यावर पहिली काही वर्षे मीही तसाच बोलत असे. आता मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे तुला सविस्तर लिहावे असे वाटले.

पुढच्या वर्षी 1 डिसेंबरला खेळाडूंची संघटना आणि मालक यांच्यातला सध्याचा करार संपतो. त्यानंतर मालक टाळेबंदी जाहीर करतील अशी धास्ती आतापासूनच आहे. 2021 च्या डिसेंबरात ती झाली होती आणि 99 दिवस चालली होती. तुझे वडील गिरणीत होते, त्यामुळे संप आणि टाळेबंदी यांतला फरक तुला समजावून सांगायला नको. लक्षाधीश खेळाडू आणि अब्जाधीश मालक यांच्या भांडणात गिरणी कामगाराची आठवण काढणे तुला कदाचित रुचणार नाही. परंतु हे खेळाडू लक्षाधीश झाले कसे, हे पाहिल्याशिवाय या वादाचा उलगडा होत नाही.

जवळजवळ शतकभर प्रत्येक खेळाडूच्या करारात ‘रिझर्व्ह क्लॉज’ नावाचे एक कलम असे. करार संपला की संघाने तो आणखी एका वर्षासाठी वाढवायचा, ते वर्ष संपले की पुन्हा एका वर्षासाठी, आणि असे खेळाडू निवृत्त होईपर्यंत. संघाला वाटले तर त्याने खेळाडू दुसऱ्याला देऊन टाकावा, खेळाडूला मात्र कुठेही जाता येत नसे. 1969 च्या ऑक्टोबरात सेंट लुइस कार्डिनल्सनी कर्ट फ्लड या आपल्या नामांकित क्षेत्ररक्षकाला, बारा वर्षांच्या सेवेनंतर, असेच फिलाडेल्फियाला देऊन टाकले. त्या वर्षी 24 डिसेंबरला त्याने बेसबॉलचे आयुक्त बोवी कुन यांना पत्र लिहिले, की आपल्या इच्छेचा विचार न करता खरेदी-विक्री व्हावी अशी मालमत्ता आपण आहोत असे आपल्याला वाटत नाही. मग तो न्यायालयात गेला. खटल्यात त्याच्या बाजूने साक्ष द्यायला जॅकी रॉबिन्सन आणि हँक ग्रीनबर्ग हे निवृत्त खेळाडू आले, मात्र तेव्हा खेळत असलेला एकही खेळाडू न्यायालयात फिरकला नाही. 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध तीन मतांनी तो हरला. तोपर्यंत त्याची कारकीर्दही संपली होती. फ्लडविषयी वाचताना मला आजही गलबलून येते.

दार उघडले ते तीन वर्षांनी, लवाद पीटर सायट्झ यांच्या निर्णयाने. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या खेळाडूंच्या प्रकरणात त्यांनी 23 डिसेंबर 1975 रोजी सांगितले, की कलमातील एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. मालकांनी सायट्झ यांना लागलीच काढून टाकले, पण निर्णय टिकला. यानंतर जे घडले ते मला सर्वांत विचार करण्याजोगे वाटते. संघटनेचे प्रमुख मार्व्हिन मिलर पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेले होते. सगळे खेळाडू दरवर्षी एकदम मोकळे झाले तर बाजारात गर्दी होऊन भाव पडेल, हे त्यांनी ओळखले होते. म्हणूनच सहा वर्षांच्या सेवेनंतर हव्या त्या संघात जाण्याची मोकळीक, ही अट त्यांना चालण्यासारखी होती. 1976 च्या करारात ती आली आणि आजही तशीच आहे.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला या सहा वर्षांत सापडते. आमच्याकडे पॉल स्कीन्स नावाचा गोलंदाज आहे. (इथे त्याला पिचर म्हणतात, पण तुला लिहिताना तो शब्द हातून उतरत नाही.) या महिन्यात त्याला नॅशनल लीगमधल्या सर्वोत्तम गोलंदाजाचा साय यंग पुरस्कार एकमताने मिळाला. या हंगामात त्याचे वेतन होते 8 लाख 75 हजार डॉलर. न्यूयॉर्क मेट्सच्या हुआन सोटोचा करार पंधरा वर्षांचा आणि साडेशहात्तर कोटी डॉलरचा आहे. पहिली तीन वर्षे बहुतेक खेळाडूंना संघ देईल ते घ्यावे लागते, पुढची तीन वर्षे रक्कम लवादापुढे ठरवून घेता येते, आणि त्यानंतरच बाजार खुला होतो. ही वर्षेही संघ दिवस मोजून लांबवत आले आहेत. 172 दिवसांचे एक सेवावर्ष धरतात. 2015 मध्ये शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला सुरुवातीचे काही दिवस खालच्या लीगमध्ये ठेवले, त्याचे 171 दिवस भरले, आणि एका दिवसासाठी त्याची मोकळीक वर्षभर पुढे गेली. त्याने तक्रार केली, ती फेटाळली गेली. वेतनमर्यादेने यातले काहीही बदलणार नाही. सहा वर्षे थांबलेल्या माणसाला शेवटी जो भाव मिळतो तेवढाच खाली येईल.

डॉजर्सविषयीचा तुझा राग मला समजतो. शोहेई ओहतानीचा करार दहा वर्षांचा आणि 70 कोटी डॉलरचा, पण वर्षाला हातात फक्त 20 लाख. उरलेले 6 कोटी 80 लाख दरसाल 2034 पासून 2043 पर्यंत द्यायचे. त्यामुळे खेळाडूंवर फार खर्च करणाऱ्या संघांवर जो कर बसतो त्यासाठी त्याची किंमत वर्षाला सुमारे 4 कोटी 60 लाखच धरली जाते. ही पळवाट बुजवायला हवी, याबद्दल माझे दुमत नाही. मात्र बेसबॉलमध्ये काहीच लगाम नाही हे खरे नव्हे. या वर्षी खेळाडूंवरील खर्च 24 कोटी 10 लाख डॉलरच्या वर गेलेल्या संघाला हा कर, म्हणजे लक्झरी टॅक्स, भरावा लागतो, आणि डॉजर्ससारख्या वर्षानुवर्षे पार वर राहणाऱ्या संघाला शेवटच्या टप्प्यात प्रत्येक डॉलरमागे एक डॉलर दहा सेंट द्यावे लागतात. शिवाय 2000 सालच्या यांकीजनंतर लागोपाठ दोनदा विजेतेपद मिळवणारे डॉजर्स हे पहिलेच. अमेरिकन फुटबॉलमध्ये कडक मर्यादा असूनही तेवढ्याच काळात न्यू इंग्लंड आणि कॅन्सस सिटी या दोघांनी ते केले.

1994 मध्ये मालकांनी मर्यादेचा आग्रह धरला तेव्हा 12 ऑगस्टला संप सुरू झाला आणि 1904 नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, झाली नाही. टोनी ग्विन या फलंदाजाची त्या हंगामातली सरासरी .394 वरच थांबली. मॉन्ट्रियल एक्स्पोजने 74 सामने जिंकून 40 हरले होते, त्या वेळी त्यांच्याहून सरस संघ नव्हता. ते गावच पुढे या खेळाला मुकले. अखेर 1995 च्या मार्चअखेरीस न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांच्या आदेशाने संप मिटला.

आयपीएलची तुलना मला या एका कारणासाठी अपुरी वाटते, की तिथली पर्स कोणाशी वाटाघाटी करून ठरलेली नाही. आपल्याकडे खेळत असलेल्या क्रिकेटपटूंची संघटनाच नाही. जी आहे ती निवृत्तांची. इथे कमाल मर्यादा मागणाऱ्या मालकांना मी आधी दोन गोष्टी मागेन: प्रत्येक संघाने खेळाडूंवर किमान किती खर्च करायचाच याचा आकडा, आणि मोकळीक मिळण्यासाठीच्या सहा वर्षांची चार वर्षे. श्रीमंत संघांच्या उत्पन्नातला वाटा आमच्या मालकांनाही मिळतो. तो मैदानावर दिसावा, एवढीच इथल्या प्रेक्षकाची रास्त अपेक्षा आहे.

स्कीन्स 2029 चा हंगाम संपला की मोकळा होईल. त्याला घसघशीत रक्कम देऊन इथेच ठेवायला पायरेट्सच्या हातात अजून चार हंगाम आहेत, आणि तसे करण्यापासून त्यांना अडवणारा एकही नियम आज नाही.

वहिनींना नमस्कार सांग. उत्तराची वाट पाहतो.

तुझा,
अनंत