अण्णांचं घोरणं हसण्यावारी नेऊ नका

स्टुटगार्ट (जर्मनी), जानेवारी

तीर्थरूप आई आणि अण्णांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. जेवण वेळेवर होतं, थंडीचे कपडे भरपूर आहेत. फोनवर बारीक दिसले ते इथल्या उजेडामुळं, वजन होतं तेवढंच आहे. रात्रपाळीची काळजी करू नकोस, पाळी संपली की झोपायला पुरेसा वेळ मिळतो.

पत्र दादानं सगळ्यांसमोर वाचलं तरी चालेल. अण्णांपासून लपवायचं काही नाही, त्यांच्याबद्दलच लिहितेय.

येळवशीच्या सणाला तुम्ही शेतातून फोन लावला. कडब्याची कोप, भज्जी, अंबिलाची बिंदगी, सगळं डोळे भरून पाहिलं. मग दादानं कॅमेरा अण्णांकडं फिरवला. ते बाभळीखाली पोत्यावर उताणे झोपले होते, आणि त्यांच्या घोरण्याला सगळे हसत होते. मी मात्र आवाज ऐकत होते. घोरणं चढत गेलं आणि एकदम बंद पडलं. पोट वर-खाली होत होतं, पण नाकातोंडातून हवा जात नव्हती. मग घशातून खर्रकन आवाज, अंगाला झटका, एक मोठा श्वास, आणि पुन्हा घोरणं सुरू. वहिनी म्हणाली, किती गाढ झोपलेत बघा. आई, ती गाढ झोप नव्हती. त्यांचा श्वास अडकत होता.

याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट मिटते. १० सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ श्वास थांबतो. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, आणि सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. तासाला पाचाहून जास्त वेळा असं होत असेल तर डॉक्टर लक्ष घालतात, तीसच्या वर गेलं तर आजार तीव्र समजतात. म्हणून अण्णा आठ तास झोपूनही पेंगतात. ते आळशी झालेले नाहीत आणि नुसतं वयही नाही.

आता बाकीचं जोडून बघ. सकाळी डोकं जड, तोंडाला कोरड. रात्री तीन-चारदा लघवीला उठणं, ज्याला तू साखर म्हणतेस; पण साखर तर नॉर्मल आली. बंद घशातून श्वास ओढताना छातीत ताण पडतो, हृदय तसा इशारा देतं आणि लघवी जास्त होते. बीपीची गोळी वाढवली तरी बीपी उतरत नाही. बारीकसारीक गोष्टीवरून चिडणं, विसरणं. आणि औशाहून येताना गाडी रस्त्याखाली गेली, तेव्हा अण्णा म्हणाले कुत्रं आडवं आलं. मागं दादा बसला होता. कुत्रं नव्हतं, असं त्यानं मला सांगितलंय. दादा, रागावू नकोस, हे लिहिणं भाग होतं.

तू म्हणशील, नर्स झाल्यापासून हिला सगळेच आजारी दिसतात. तसं नाही गं. घोरणारा प्रत्येक जण आजारी नसतो. घोरता घोरता शांत होणं आणि मग दचकून श्वास घेणं, ही खूण वेगळी. अण्णा जाड नाहीत हेही खरं, पण आखूड मान, लहान जबडा असला तरी हे होतं. असंच सोडलं तर पुढं हृदयाला आणि मेंदूला धोका असतो, म्हणून जीव तुटतो.

इथली एक रीत सांगते. या भागात बऱ्याच बिल्डिंगमध्ये जिना झाडायची पाळी असते. ज्याची पाळी त्याच्या दारावर छोटी पाटी लटकवतात. आठवडाभर पायऱ्या झाडायच्या, पुसायच्या, मोठी पाळी असेल तर फूटपाथ आणि तळघरसुद्धा. जिना चकचकीत असला तरी झाडायचाच, नाहीतर शेजारी काळजीच्या सुरात विचारतात, बरं नाही का? पाळी संपली की झाडून-पुसून पाटी पुढच्या दारावर टांगायची. शहरानं १९८८ मध्ये सक्ती काढली, पण बऱ्याच भाडेकरारांत ती अजून आहे. मी पगारी माणूस ठेवू का म्हटलं तर सगळे माझ्याकडं बघतच राहिले. एवढं सांगायचं कारण, पाटी द्यायला येणाऱ्या आजी. त्यांच्या नवऱ्यालाही हेच होतं. आता ते रात्री नाकाला मास्क लावतात, मशीन हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवतं. सीपॅप म्हणतात त्याला. पहिल्या रात्री घर इतकं शांत झालं, की आजींनी उठून त्यांच्या छातीवर हात ठेवून पाहिला.

तर आई, अण्णा झोपले की पाच-दहा मिनिटांचा व्हिडिओ काढ, आवाजासकट. तो घेऊन लातूरला छातीच्या नाहीतर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा आणि झोपेची तपासणी कुठं होते ते विचारा. रात्रभर बोटाला, नाकाला, छातीला तारा लावून बघतात, सुई नाही, कापाकापी नाही. तोवर त्यांना कुशीवर झोपव. मेडिकलमधून झोपेची गोळी अजिबात आणू नका, त्यानं घसा आणखी सैल पडतो. आणि अण्णा, पाया पडते, गाडी दादाला चालवू द्या.

मी तिथं असते तर स्वतः घेऊन गेले असते. इथं परक्यांच्या बापाची उशी नीट करते, तेव्हा हे रोज मनात येतं. असो, मी मजेत आहे.

सोयाबीनला भाव नाही हे कळलं. या महिन्याच्या पैशातून सोसायटीचं भरा. वेगळे पाठवलेले तपासणीचे आहेत, बोअरला किंवा खताला लावू नका. कमी पडले तर सांगा, लाजू नका.

उदगीरच्या स्थळाला मामांनी माझ्याकडून नकार कळवू नये. मुलगा चांगला वाटतो. पण मी परत येणार की तो इकडं येणार, हे मला त्याच्याशीच बोलायचंय, त्याचा नंबर दे. सुट्टी उन्हाळ्याआधी मिळत नाही, तेव्हा बघण्याचा कार्यक्रम तेव्हाच ठेवा. अण्णांच्या तपासणीसाठी मात्र माझी वाट बघू नका, याच आठवड्यात जा.

तुमची धाकटी