शेळ्या आणण्याआधी घर-अंगण तयार हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेळीपालनातील यशोगाथा आपल्या दैनिकाच्या शेतीविषयक पानावर अधूनमधून प्रसिद्ध होतात आणि आमच्या भागात त्या आवर्जून वाचल्या जातात. दहा शेळ्या आणि एक बोकड, वर्षाकाठी इतकी करडे आणि खर्च वजा जाता इतके उत्पन्न, असा त्यांतला हिशेब असतो. तो खोटा नसतो. मात्र तो शेळ्या दारात आल्या त्या दिवसापासून मांडलेला असतो. त्याआधी त्या कुटुंबाने अंगणात, बांधावर आणि गंजीवर काय तयारी केली होती, हे फारसे कोणी लिहीत नाही. धाराशिव जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या सांभाळणाऱ्या घरातला एक शेतकरी म्हणून मला असे वाटते की, नव्याने या धंद्यात उतरलेल्यांचे कळप मोडतात ते बहुधा ही तयारी मागे राहिल्यामुळेच.

पहिला प्रश्न चाऱ्याचा आहे आणि तो पैशांपेक्षा वेळेचा अधिक आहे. मोठ्या शेळीला गोठ्यातच सांभाळायचे ठरवले, तर दिवसाला तीन-चार किलो हिरवा आणि किलोभर वाळला चारा लागतो. म्हणजे दहा शेळ्या आणि एका बोकडासाठी, करडे हिशेबात न धरताही, वर्षाला चार टन वाळला चारा घरात असला पाहिजे. चराईला रान असेल तर हा आकडा कमी होईल, पण ज्या गावात गायरान उरलेले नाही आणि बांधाबांधावरून वाद आहेत, तिथे चराईच्या भरवशावर कळप उभा करणे धोक्याचे आहे. सुदैवाने आपल्याकडे लागणारा बराचसा माल शेतातच तयार होतो. सोयाबीनची मळणी झाली की तिचे भुसकट, पुढे तुरीचे आणि शेवटी हरभऱ्याचे, असा तो क्रम आहे. तुरीच्या भुसकटातील पाला आणि शेंगांची टरफले शेळी किती आवडीने खाते हे ज्याने पाहिले आहे, तो ते भुसकट शेतात पेटवणार नाही. हे सारे कोरडे ठेवण्यासाठी छपराखालची जागा मात्र आधीच हवी. भिजून बुरशी लागलेले भुसकट शेळीपुढे टाकू नये.

हिरव्या चाऱ्यासाठी बांध पुरेसा आहे. शेवरी पावसाच्या सुरुवातीला टोकली तर दिवाळीच्या सुमारास पहिली कापणी हाती येते. हादगा आणि सुबाभूळही बांधावर चांगली येतात. सुबाभळीचे बी मात्र गरम पाण्यात भिजवल्याशिवाय नीट उगवत नाही आणि तिचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नये, कारण त्यातील मिमोसीन नावाचे द्रव्य जास्त प्रमाणात पोटात गेल्यास जनावराला अपायकारक ठरते. विहिरीला पाणी असेल त्याने राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेल्या फुले जयवंत या गवताची ठोंबे चार-दोन गुंठ्यांत लावून ठेवावीत. यांपैकी कोणतीही गोष्ट शेळ्या आणल्यावर आठ दिवसांत उभी करता येत नाही.

निवाऱ्याबाबत लोक अनेकदा नको तिथे खर्च करतात. एका मोठ्या शेळीला छपराखाली दहा ते बारा चौरस फूट आणि समोर जाळीच्या कुंपणात त्याच्या दुप्पट मोकळी जागा पुरते. आमच्या उन्हाच्या मुलखात शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, पत्र्यावर उन्हाळ्यात पाचट पसरावे आणि आवारात कडुलिंबाचे झाड असेल तर त्याच्या सावलीचा लाभ घ्यावा. हौसेने घातलेली शहाबादी फरशी धुवायला सोपी वाटते, पण तिच्यावर मूत्र साचते, खुर घसरतात आणि थंडीच्या दिवसांत करडांना सर्दी-खोकला जडतो. बाहेरच्या बाजूला उतार दिलेली, चोपलेल्या मुरुमाची जमीन स्वस्तही पडते आणि वरचा थर बदलून चुना भुरभुरला की स्वच्छही राहते. कोकणातील पावसात हे चालणार नाही. तिथे जमिनीपासून उंच, फटी ठेवून ठोकलेल्या फळ्यांवरच शेळ्या कोरड्या राहतात. जुन्नर, संगमनेरसारख्या बिबट्याच्या भागात तर भिंतीएवढीच वरून बंदिस्त जाळीही आवश्यक आहे.

यापुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण तिच्यासाठी पैसे लागत नाहीत, फक्त घराभोवती एकदा नीट नजर फिरवावी लागते. देवपूजेच्या फुलांसाठी दाराशी लावलेली कण्हेर, मग ती तांबडी असो वा पिवळी, शेळीला प्राणघातक आहे आणि छाटून टाकलेल्या फांदीची वाळलेली पानेही तितकीच विषारी असतात. ओसरीवर तोंड उघडे असलेले ज्वारी-गव्हाचे पोते, लग्नकार्यात उरलेला भात, शिळ्या भाकरी यांवर शेळी सुटली तर ती पोट फुटेस्तोवर खाते. पोटात आम्ल वाढते आणि एक-दोन दिवसांत जनावर हातचे जाते. ज्वारी काढल्यानंतर रानात फुटलेले कोवळे पोंगे, औषध फवारणीचे रिकामे डबे, उकिरड्यावरच्या प्लास्टिकच्या पिशव्या, मोटारीची लोंबती वायर या सगळ्यांचा बंदोबस्त आधी झाला पाहिजे. शेळी प्रत्येक वस्तू तोंडाने चाचपून पाहते, हे गृहीत धरूनच अंगण आवरावे लागते.

याच तयारीत एक आडोसा वेगळा ठेवावा. विकत आणलेल्या शेळ्या तीन आठवडे तिथेच राहाव्यात, घरच्या जनावरांत मिसळू नयेत, कारण आठवडी बाजारातून पीपीआरसारखा झपाट्याने पसरणारा शेळ्या-मेंढ्यांचा रोग घरी यायला एक आजारी शेळी पुरते. लसीकरणाचे वेळापत्रक गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्यावे. आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यांतील विषबाधेच्या रोगाची लस पावसाळ्यापूर्वीच टोचून झाली पाहिजे.

आणखी एक निरीक्षण नोंदवतो. शेळ्यांची झाडलोट, चारा, पाणी आणि व्यायलेल्या शेळीची रात्रीची देखभाल बहुतेक घरांत बाईमाणसाकडे असते. शेड कुठे आणि कसे बांधायचे हे मात्र पुरुष मंडळी परस्पर ठरवतात. पाण्याची टाकी गोठ्यापासून किती लांब आहे, गव्हाणीत चारा टाकताना किती वाकावे लागते, हे जिला रोज सोसायचे आहे तिला आधी विचारले जावे, आणि शेळ्या तिच्या नावावर असाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

शासनाकडे माझी मागणी साधी आहे. पशुसंवर्धन विभागाच्या नावीन्यपूर्ण योजनेतून दहा शेळ्या व एक बोकड असे गट अनुदानावर मिळतात. निधी मार्चअखेर खर्ची घालण्याची घाई सर्वांनाच ठाऊक आहे, आणि त्या घाईत शेळ्या दारात येतात त्या नेमक्या बांध उघडे पडलेले असताना, आमच्या भागात हिरवे पान दिसेनासे होते अशा दिवसांत. त्याऐवजी लाभार्थ्यांची निवड मेपर्यंत व्हावी, जूनमध्ये त्यांना शेवरीचे बियाणे आणि गवताची ठोंबे मिळावीत, आणि दिवाळीनंतर पशुवैद्यकीय दवाखान्यातील कर्मचाऱ्याने चारा, निवारा व आवार प्रत्यक्ष पाहून शेरा दिल्यावरच शेळ्यांची खरेदी व्हावी. 2020 च्या अखेरीस जाहीर झालेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत रोजगार हमीतून शेळ्यांचे शेड बांधण्याची सोय करण्यात आली. पण शेडचा प्रस्ताव एका विभागाकडे आणि शेळ्यांचा दुसऱ्याकडे असल्यामुळे दोहोंचा मेळ लाभार्थ्यालाच घालावा लागतो. हे दोन्ही प्रस्ताव एकाच वेळी मंजूर व्हावेत आणि आधी शेड, मग शेळ्या हा क्रम पाळला जावा. यासाठी वाढीव निधीची गरज नाही.

आपणासही एक विनंती आहे. यापुढे शेळीपालनाची यशोगाथा छापताना त्या कुटुंबाने चारा केव्हा व किती क्षेत्रावर लावला, पहिल्या वर्षी किती करडे दगावली आणि कामाचा भार घरात कोणावर पडला, एवढी माहिती तरी उत्पन्नाच्या आकड्याशेजारी अवश्य द्यावी.

आपला विश्वासू,
एक शेळीपालक शेतकरी,
ता. भूम, जि. धाराशिव