चिऱ्याच्या भेगेतली गोचीड

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

काल बंड्याने पेजेचं भांडं चाटूनपुसून साफ केलं आणि पोस्टमनवर भुंकला. म्हणून आज लिहायला बसलोय.

त्याच्या नाकातून रक्त आलं तेव्हा आख्खी वाडी म्हणाली, माकडताप, गोचिडीतून पसरणारा. दोडामार्गातली माणसं आम्ही, २०१६-१७ च्या साथीची भीती अजून गेलेली नाही. मी काजूच्या बागेत औषध मारून आलो. गोचिडी काडीने चटके देऊन काढल्या, काही चिमटीत चिरडल्या. (त्यावर तुम्ही झापलंत ते बरंच झालं.)

"स्पिरिटात घालून आणा, बारीकसुद्धा आणा," म्हणालात. मी कौतुकाने एरंडाच्या बीसारखी टम्म फुगलेली मादी पुढे केली. ती तुम्ही बाजूला सारलीत आणि तिळाएवढा नर उचललात. मग खुर्ची सोडून मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलंत. तोंडामागचा तो षटकोनी भाग, बिननक्षीचा तपकिरी रंग, मागची कड तर करंजी कातणीने कापावी तशी! ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस, कुत्र्याची तपकिरी गोचीड. माकडताप मुख्यतः पसरवते ती हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा, जंगलातल्या पाचोळ्यातली. तिच्या तोंडाच्या बाजू बाहेर निघालेल्या असतात आणि तिला डोळे नसतात. हिला होते, कडेला, ठिपक्याएवढे.

नावाने एवढा फरक पडतो हे मला ठाऊक नव्हतं. हिला जंगल लागतच नाही. पिल्लू, मधली अवस्था, मोठी, दर वेळी रक्त पिऊन कुत्र्यावरून खाली पडते आणि भिंत चढते. मादी भेगेत हजारोंनी अंडी घालते. म्हणजे मी बाग फवारत होतो आणि शत्रू पडवीत, बंड्याच्या गोणपाटामागच्या चिऱ्यांच्या सांध्यांत! टॉर्च मारला तर तिथे नुसती बुजबुज.

बंड्याच्या रक्तात एर्लिकिया निघाला, हीच गोचीड पसरवते तो जंतू. डॉक्सिसायक्लिन २८ दिवस, जेवणानंतरच. पाचव्या दिवशी तो उठून उभा राहिला, तरी "गोळ्या थांबवायच्या नाहीत" म्हणून तुम्ही फोनवर दटावलंत. गोणपाट जाळला, सांधे सिमेंटने भरले, तुम्ही सांगितलेलं औषध पडवीत दोनदा मारलं.

तपासणीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. आई म्हणते, यंदाचे पहिले काजूगर डॉक्टरीणबाईंना. मार्चात घेऊन येतो, तेव्हा नाही म्हणायचं नाही.

आपला,
बंड्याचा मालक