ओटल्याला नकाशात जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शहर-पानावर हल्ली रस्ते किती रुंद झाले याच्या बातम्या असतात. फूट, मीटर, कोटी रुपये. मी त्या नेमानं वाचते, कारण आमची मल्हारगंजाकडची गल्लीही त्यातलीच. पण त्या रुंदीपायी काय गेलं, त्याचा हिशोब काही कुठे छापून आलेला दिसला नाही, म्हणून हे पत्र.

मला ओटल्याबद्दल, म्हणजे दारापुढच्या बसायच्या चौथऱ्याबद्दल, लिहायचं आहे. 'ओटा' म्हणायला हवं, ठाऊक आहे. माझं माहेर ग्वाल्हेरचं, लश्कर भागातलं. तिथे आम्ही ओटाच म्हणायचो. लग्न होऊन इंदुरात आले आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "ओटल्यावर जरा सतरंजी टाक गं." तेव्हापासून तो ओटलाच. इंदूरच्या मराठीत असे पुष्कळ शब्द आहेत. पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत.

ते साल 1978. त्याच वर्षी नर्मदेचं पाणी इंदुरात पोचलं, म्हणून सासरे मला कौतुकानं 'नर्मदेबरोबर आलेली सून' म्हणत. आमचा ओटला काळ्या दगडाचा होता. तीन पायऱ्या, खाली नाली, नालीवर फरशी. रुंदी माणूस आडवा झाला तर पाय बाहेर येतील एवढीच. दुपारी दोननंतर त्याच्यावर सावली यायची आणि मग बायका. कुणाचा गहू निवडायचा असे, कुणाचे मटार सोलायचे असत. समोरच्या माळवी काकी, कोपऱ्यावरच्या जैनांच्या भाभी, आमच्या सासूबाई. तिघींची भाषा तीन तऱ्हेची, पण एकमेकींच्या घरात काय शिजतंय ते तिघींनाही ठाऊक. संध्याकाळी तीच जागा पुरुषांची व्हायची. रात्री जेवणं झाल्यावर पोरांची. आमच्या दिरांनी लहानपणी खिळ्यानं दगडात अष्टाचंगाचा पट कोरून ठेवला होता, पाच बाय पाचचा, फुल्यांसकट. त्यावर माझी मुलं खेळली.

ओटले नालीवर पुढे आलेले होते, हे मी नाकारत नाही. सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आला त्या रात्री रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशीच अडली. त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी बाहेर नेलं होतं. त्यामुळे मोजणीवाले आले आणि भिंतीवर लाल खूण करून गेले, तेव्हा घरात रडारड झाली तरी मी फारसं बोलले नाही. ओटला गेला, त्यामागची पडवी गेली, बैठकीची खोली अर्धी झाली. उरलेल्या घराला काही अर्थ राहिला नव्हता, म्हणून ते उतरवून नवं बांधलं. खाली पार्किंग, वर तीन मजले. गल्लीतल्या बहुतेक घरांनी हेच केलं.

आता गल्ली चांगली रुंद आहे. आणि दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या आहेत. मधे उरलेली वाट जुन्या गल्लीपेक्षा फार मोठी नाही. मागच्या पावसाळ्यात पलीकडच्या घरी रुग्णवाहिका बोलावली, तर ती पुन्हा तोंडाशीच थांबली. कुणाची तरी पांढरी गाडी हलवायची होती आणि किल्लीवाला ऑफिसात होता. म्हणजे ओटले ज्यासाठी दिले ते मिळालं नाहीच, ओटलेही गेले.

मुलगा म्हणतो, "आई, बागा आहेत की, केवढ्या छान झाल्यात." आहेत, खरंच आहेत. पण बागेत जायला तयार व्हावं लागतं. साडी बदला, चप्पल शोधा, रस्ता ओलांडून द्यायला कुणाला तरी बरोबर घ्या. ओटल्यावर घरच्या साडीत, हाताला पीठ लागलेलं असताना बसता येत होतं. गॅसवर भाजी ठेवून बसता येत होतं. बाहेर असून घरात असण्याची ती जागा होती. आमच्या वयाच्या बायकांना तेवढीच परवानगी होती म्हणा किंवा तेवढीच हौस होती म्हणा, पण ती पुरत होती.

आता शेजारणी भेटतात कुठे, तर कचरागाडीपाशी. सकाळी गाण्याचा आवाज आला की आम्ही डबे घेऊन खाली उतरतो. ओला, सुका, प्लास्टिक वेगळं, घातक वेगळं. सहा कप्प्यांत टाकायचं असल्यामुळे जरा वेळ लागतो आणि तोच आमच्या गप्पांचा वेळ. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या मोतीबिंदूची तारीख ठरली, सगळं त्या तीन मिनिटांत. थट्टा नाही करत. मागच्या हिवाळ्यात पहिल्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या बाई न्हाणीघरात पडल्या. त्यांच्याकडे फोन होता, पण तो दुसऱ्या खोलीत. दुसऱ्या दिवशी गाडीवरच्या पोरानंच विचारलं, "अम्मा का डिब्बा नहीं आया?" तेव्हा आम्ही वर धावलो. पायाला प्लास्टर बसलं, आता बऱ्या आहेत. ओटला असता तर त्या संध्याकाळी बाहेर आल्या नाहीत हे त्याच दिवशी कळलं असतं. पण त्या पोराचे उपकार मानलेच पाहिजेत. 2017 पासून आपलं शहर स्वच्छतेत देशात अव्वल गणलं जातं, ते अशाच पोरांच्या जिवावर.

स्वच्छतेवरून एक आठवण सांगते, माझी नव्हे, शहराची. पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात इंदूरची पाहणी करायला आले होते. दिवस प्लेगचे. त्यांनी दिवाळीला मिरवणूक काढवली. घाणीचा भलामोठा राक्षस, प्लेगचा उंदीर आणि स्वच्छ पांढऱ्या कपड्यांतले सफाई कामगार मानानं चालताहेत असा थाट. आधीच जाहीर केलं होतं की ज्या रस्त्यावरची घरं जास्त झाडूनपुसून, डागडुजी करून तयार असतील त्याच रस्त्यानं मिरवणूक जाईल. मग काय, मोहल्ले कामाला लागले. ही गोष्ट आपल्याकडे बरेच जण सांगतात. त्याच गेडिससाहेबांचा इंदूरवरचा अहवाल 1918 साली दोन खंडांत निघाला, त्यातलं दुसरं म्हणणं मात्र कुणी सांगत नाही. जुन्या वस्तीतून सरळ रेघ मारून रुंद रस्ता काढू नका, असं त्यांचं मत होतं. शस्त्रवैद्यासारखं नेमकं आणि कमीत कमी कापा. एखादं पडकं घर काढा, तिथे चौक करा, झाड लावा, गल्लीला श्वास घेऊ द्या, पण माणसं आणि त्यांची घरं जागच्या जागी राहू द्या. शंभर वर्षांपूर्वी परका माणूस आपल्या गल्ल्यांत पायी हिंडून हे सांगून गेला.

ओटला ही वाया गेलेली जागा आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी रात्री सराफ्यात जाऊन यावं. दिवसभर सोनं विकलं जातं, दुकानं बंद झाली की त्यांच्याच पुढ्यात भुट्ट्याचा कीस परतायला नि थंडीत गराडूचा कंद तळायला बसतात. बाहेरगावचे लोक ते पाहायला येतात. एकाच दारापुढची जागा दोन वेळा, दोन कामांना. आमचे ओटले तर दिवसात तीनदा कामाला यायचे, फक्त त्यात पैशाची उलाढाल नव्हती.

मोडलेलं परत बांधा असं मी म्हणत नाही. नालीवर तर नकोच. माझं मागणं एवढंच की यापुढे जुन्या मोहल्ल्यांत जे नकाशे मंजूर होतील त्यांत घरमालकानं स्वतःच्याच हद्दीत, पार्किंगच्या बाजूला दोन फूट रुंद ओटला सोडला तर तो बांधकामात मोजू नये. सोडणाऱ्याला करात थोडी सूट दिली तर लोक आपणहून सोडतील. इंदूरचा माणूस बक्षीस दिसलं की काम करतो, हे गेडिसना कळलं होतं. आणि जिथे रस्ता रुंद झालाच आहे तिथे गल्लीत निदान एका मोटारीची जागा खुणा करून बाकासाठी राखावी. एकाच. तिच्यावर कडुनिंबाची सावली मिळाली तर उत्तम.

अष्टाचंगाचा तो दगड मी मजुरांना फोडू दिला नाही. नव्या घरात त्याला जागा सापडेना, म्हणून पार्किंगच्या कोपऱ्यात फरशीबरोबर बसवून घेतला. एरवी त्याच्यावर माझ्या भाच्याची स्कूटर उभी असते. उन्हाळ्यात नातू आला होता, त्यानं विचारलं, "आजी, ही जाळी कसली?" स्कूटर बाजूला केली, माळ्यावरून कवड्या काढल्या, सोंगट्यांना चार रंगांची बटणं घेतली आणि बसलो खाली. शेजारची दोन पोरंही येऊन बसली. त्याला पहिल्याच फेकीला अष्टा पडला. डाव रंगात आला आणि तिसऱ्या मजल्यावरची गाडी आत वळली. हॉर्न वाजला. कवड्या गोळा करून आम्ही उठलो.

आपली,
एक जुनी वाचक,
मल्हारगंज, इंदूर