जॉनी ॲलनबद्दल एकदा तरी छापा

संपादक साहेब,

अमेरिकन म्युझिक म्हटलं की आपल्या पेपरांची गाडी एल्विस आणि बॉब डिलनच्या पुढे जातच नाही, म्हणून हे पत्र. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या रेन गावच्या जॉनी ॲलन या गायकावर एकदा तरी सविस्तर लिहा. जन्म १९३८ चा, मूळ आडनाव गियो, घरची बोली केजन फ्रेंच (केजन म्हणजे लुइझियानातले फ्रेंच वंशाचे लोक, त्यांचं संगीतही त्याच नावाचं), आणि १९२८ मध्ये पहिली केजन रेकॉर्ड काढणारे जो फाल्कन हे त्यांच्या नात्यातलेच. आधी लॉरेन्स वॉकरच्या बँडमध्ये स्टील गिटार वाजवायचे, मग पोरांनी मिळून क्रेझी कॅट्स हा बँड काढला आणि फ्लॉइड स्वालो यांच्या जिन या रेकॉर्ड कंपनीच्या लेबलवर रेकॉर्डिंग सुरू झालं. केजन चालीतला दुखरेपणा, न्यू ऑर्लिन्सच्या फॅट्स डॉमिनो या गायक-पियानोवादकाच्या धाटणीचा पियानो आणि सॅक्सोफोन, हे सगळं एकत्र म्हणजे स्वॅम्प पॉप, आणि गंमत म्हणजे हे नाव दिलं ते ब्रिटिश लोकांनी.

त्यांचं ‘प्रॉमिस्ड लँड’ ऐकाच. गाणं रॉक अँड रोलवाल्या चक बेरीचं, पण ॲलन यांनी १९७१ मध्ये ते केलं तेव्हा मधे बेल्टन रिचर्डचा ॲकॉर्डियन असा काही उसळतो की मूळ गाण्यात तो नाही यावर विश्वासच बसत नाही, मला तर हेच व्हर्जन जास्त आवडतं. १९७४ ला चार्ली जिलेट या ब्रिटिश रेडिओवाल्याने लंडनच्या ओव्हल लेबलवर ते काढलं आणि तिकडे ते गाजलं. एवढं सगळं करून हा माणूस शाळेत शिक्षक होता, पुढे मुख्याध्यापकही झाला!

रविवार पुरवणीत अर्धं पान द्याच.

– तुमचा जुना वाचक